सहा खणांचा पिठ्ठू : डोटामधल्या सामानाच्या निवडीचा इतिहास

 

आजचा विषय ऐकून माझ्या वयाचे काही जण हसतील. कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या एका खेळात कोणत्या योद्ध्याने कोणतं सामान घ्यायचं, या प्रश्नाला वीस-बावीस वर्षांचा इतिहास आहे. तो आज सांगणार आहे. फौजेत ज्याने क्वार्टरमास्टरचं काम जवळून पाहिलं आहे, त्याला हा विषय परका वाटणार नाही. कुणाच्या पिठ्ठूत काय जाणार, याचा निर्णय लढाईच्या आधी होतो आणि त्याचा हिशेब लढाईत चुकता होतो.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. पाच विरुद्ध पाच खेळाडू. प्रत्येकाच्या हाती एकच योद्धा, ज्याला खेळात ‘हिरो’ म्हणतात. मैदानावर तीन वाटा, वाटेवर बुरूज, आणि दोन्ही टोकांना एकेक मुख्य ठाणं. समोरच्याचं ठाणं पाडलं की जिंकलात. दोन्ही बाजूंनी साधे शिपाई आपोआप चालत येतात. त्यांच्यावर अखेरचा घाव तुमचा पडला तर तुम्हाला सोन्याची नाणी मिळतात. त्या नाण्यांवर दुकानातून सामान घ्यायचं. साधारण पाऊण तासात हिरो शून्यातून सुरुवात करून पूर्ण सज्ज होतो. डाव संपला की सगळं पुसलं जातं, पुढचा डाव पुन्हा रिकाम्या हाताने.

हा प्रकार कुठल्या मोठ्या कंपनीने ठरवून काढला नाही. १९९८ साली ब्लिझार्ड कंपनीचा ‘स्टारक्राफ्ट’ आला. त्यासोबत नकाशे बनवण्याचं साधन होतं. त्यावर एका हौशी खेळाडूने ‘एऑन ऑफ स्ट्राइफ’ नावाचा नकाशा केला, त्यात वाटा आणि एकेकटा योद्धा ही कल्पना होती. २००२ मध्ये त्याच कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट ३’ आला आणि २००३ मध्ये त्याचा पुढचा भाग ‘द फ्रोझन थ्रोन’. २००३ च्या सुमाराला ‘यूल’ या टोपणनावाच्या खेळाडूने ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ नावाचा नकाशा बनवला. त्याचंच लघुरूप ‘डोटा’. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, त्यांतली ‘डोटा ऑलस्टार्स’ टिकली.

इथे एक तांत्रिक गोष्ट महत्त्वाची आहे. ‘वॉरक्राफ्ट ३’ मधल्या हिरोच्या पिशवीत सहाच खण होते. नकाशा बनवणाऱ्या हौशी मंडळींना मूळ खेळाची ही मर्यादा मिळाली तशी घ्यावी लागली. पण पुढचा सगळा विचार त्या सहा खणांनी घडवला. जागा अमर्याद असती तर पैसे येतील तसं सगळं घेत गेला असता. सहाच खण म्हटल्यावर प्रत्येक वस्तूमागे दुसरी एखादी वस्तू सोडावी लागते.

‘डोटा ऑलस्टार्स’ पुढे स्टीव्ह फीक यांच्याकडे आला. खेळाडू त्यांना ‘ग्विन्सू’ या नावाने ओळखतात. त्यांनी आणलेली सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे ‘रेसिपी’. दोन-तीन छोट्या वस्तू आणि एक कृतीचा कागद एकत्र केला की एक मोठी वस्तू तयार होते. उदाहरणार्थ, कुऱ्हाड, हातोडा आणि कागद मिळून ‘ब्लॅक किंग बार’. यामुळे दोन गोष्टी साधल्या. तीन खणांचा ऐवज एका खणात मावू लागला. आणि मोठ्या वस्तूकडे जाताना मधले टप्पे तयार झाले. मग प्रश्न उभा राहिला की आधी कुऱ्हाड घ्यायची की हातोडा? कुऱ्हाडीने ताकद वाढते, म्हणजे माणूस जास्त मार सोसतो. हातोड्याने मारा वाढतो. पुढची पाच मिनिटं मार खाण्याची आहेत की देण्याची, हे ओळखूनच क्रम ठरतो. २००५ पासून ‘आइसफ्रॉग’ या टोपणनावाच्या व्यक्तीने हे काम हाती घेतलं आणि वर्षानुवर्षं वस्तूंच्या किमती व परिणाम तोलत राहिली.

आता काही वस्तूंचा इतिहास पाहू, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

पहिली वस्तू ‘ब्लिंक डॅगर’. हा खंजीर वापरला की हिरो क्षणात थोड्या अंतरावर जाऊन उभा राहतो. मूळ ‘वॉरक्राफ्ट ३’ मध्ये त्याचं नाव ‘केलेन्स डॅगर ऑफ एस्केप’ होतं, म्हणजे नावातच पळ काढणं होतं. पुढे डोटामध्ये नियम आला की शत्रूच्या हिरोचा मार लागल्यावर काही सेकंद हा खंजीर चालणार नाही. वेढ्यात सापडल्यावर पळण्यासाठी तो भरवशाचा राहिला नाही. मग खेळाडूंनी त्याचा उपयोग उलटा केला. मार लागण्याआधी, अंधारातून थेट शत्रूच्या मध्यभागी उडी. ‘ॲक्स’ नावाचा हिरो भोवतालच्या शत्रूंना स्वतःवर हल्ला करायला भाग पाडतो. त्याच्या हाती हा खंजीर आला की तो बेसावध तुकडीच्या मधोमध उतरतो. सोबत ‘ब्लेड मेल’ हे चिलखत असेल तर त्याच्यावर पडलेला मार मारणाऱ्यावर उलटतो. माघारीचं साधन एका नियमामुळे चढाईचं झालं. शस्त्रांच्या इतिहासात असे प्रकार नेहमी दिसतात.

दुसरी वस्तू ‘ब्लॅक किंग बार’. ती चालू केली की थोडा वेळ बहुतेक जादूचा परिणाम होत नाही. दीर्घ काळ तिचा नियम असा होता की पहिल्यांदा १० सेकंद संरक्षण, मग ९, ८ असं घटत अखेर ५ सेकंद. वापराल तितकी ती झिजते. त्यामुळे छोट्या चकमकीत ती खर्चायची की निर्णायक लढाईसाठी राखायची, हा प्रश्न प्रत्येक वेळी समोर येतो. राखीव दळ कधी उतरवायचं, या सेनापतीच्या जुन्या डोकेदुखीचीच ही छोटी आवृत्ती.

तिसरी ‘डिव्हाइन रेपियर’. माऱ्याच्या हिशेबाने दुकानातली सर्वांत भयंकर तलवार. पण तुम्ही मेलात तर ती जमिनीवर पडते आणि शत्रू उचलू शकतो. हरत आलेला संघ शेवटचा डाव म्हणून ती घेतो. अशा सामन्यांत बाजी पालटलेलीही लोकांनी पाहिली आहे आणि आपल्याच तलवारीने कापले गेलेलेही.

पण ‘सगळ्यात चांगली वस्तू कोणती’ या प्रश्नाला डोटामध्ये उत्तर नाही. वस्तू चांगली ठरते ती तीन गोष्टींवर. हिरो कोण, समोर कोण, आणि घड्याळात किती वाजले. शत्रूने ‘बटरफ्लाय’ घेतली की तुमचे कितीतरी वार हुकायला लागतात, तेव्हा ‘मंकी किंग बार’ हा उतारा. शत्रूकडे जखमा भरून काढणारा हिरो असेल तर उपचार कमी करणारं ‘स्पिरिट व्हेसल’. शत्रू अदृश्य होत असेल तर त्याला उघडं पाडणारी पूड किंवा ‘जेम ऑफ ट्रू साइट’ हे रत्न. ते रत्नही मरताना हातातून पडतं, म्हणून ते कुणाकडे द्यायचं हा वेगळा विचार.

वेळेचं उदाहरण ‘अँटी-मेज’ या हिरोचं. तो बहुतेकदा आधी ‘बॅटल फ्युरी’ घेतो. हिच्यामुळे एका वाराचा मार आजूबाजूच्यांनाही बसतो, शिपायांचे घोळके भराभर कापले जातात आणि सोनं वेगाने येतं. म्हणजे ही वस्तू एक गुंतवणूक आहे. पण ती घेऊन वसूल होईपर्यंत बाकीच्या चौघांना जवळजवळ चौघांच्याच बळावर मैदान सांभाळावं लागतं. चौघांनी तेवढा वेळ मिळवून दिला तर अँटी-मेज सामना जिंकून देतो. नाही दिला तर त्याची गुंतवणूक कागदावरच राहते.

आता त्या चौघांबद्दल बोलू, कारण मला सांगायचं आहे ते इथेच आहे. डोटामध्ये संघाचं सोनं सारखं वाटलं जात नाही. एक-दोघांना भरपूर मिळू द्यायचं आणि दोघांनी जवळजवळ फकिरीत राहायचं, ही पद्धत पडली. या फकिरांना ‘सपोर्ट’ म्हणतात. ‘क्रिस्टल मेडन’ ही त्यातली प्रसिद्ध हिरो. पूर्वीच्या काळात सपोर्टने आपल्या तुटपुंज्या पैशांतून टेहळणीचे ‘वॉर्ड’ घ्यायचे, सगळ्यांसाठी सामान वाहून आणणारं जनावर घ्यायचं आणि स्वतः अर्धा सामना साध्या बुटांवर काढायचा. पुढे पैसे उरलेच तर ‘फोर्स स्टाफ’ घ्यायचा, म्हणजे अडकलेल्या साथीदाराला ढकलून बाहेर काढता येईल. आमच्याकडे सिग्नल्सवाल्यांचं, पुरवठ्याच्या गाड्या हाकणाऱ्यांचं जे स्थान, तेच यांचं. विजयाच्या फोटोत ते मागच्या रांगेत असतात.

खेळ बनवणाऱ्यांच्याही हे लक्षात आलं. टेहळणीचे वॉर्ड पुढे फुकट झाले, सामान वाहणारं जनावर प्रत्येकाला मिळालं. २०१६ च्या डिसेंबरमधल्या मोठ्या बदलात सहा खणांखेरीज तीन खणांची जास्तीची पिशवी आली. २०१९ मध्ये जंगलातल्या प्राण्यांना मारून मिळणाऱ्या, विकत न घेता येणाऱ्या वस्तू आल्या. फकिरी कमी झाली, पण कामाची वाटणी तशीच राहिली.

याच मुळातून दुसरे खेळ निघाले आणि प्रत्येकाने सामानाचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. ग्विन्सू यांनी पुढे रायट कंपनीत काम केलं. त्या कंपनीचा ‘लीग ऑफ लेजंड्स’ २००९ च्या ऑक्टोबरमध्ये आला. त्यात खण सहाच राहिले, पण मेल्यावर सोनं कमी होण्याचा दंड काढून टाकला. २०२० च्या अखेरीस त्यांनी ‘मिथिक’ वस्तू आणल्या. प्रत्येकाने अशी एकच वस्तू घ्यायची आणि तिच्याभोवती बाकीचं सामान रचायचं. २०२४ च्या सुरुवातीला ती व्यवस्था मोडीतही काढली. ब्लिझार्डने २०१५ मध्ये ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’ काढला, त्यात दुकानच नव्हतं. सोनं नाही, सामान नाही, फक्त कौशल्यांची निवड. मोबाइलवरच्या ‘मोबाइल लेजंड्स’ मध्ये तळावर परत न जाता उभ्या जागी खरेदी करता येते. हा खेळ २०२० च्या जूनमध्ये आपल्या सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्सच्या यादीत होता. ‘पोकेमॉन युनाइट’ मध्ये तर सामान सामन्याआधीच ठरवायचं असतं.

दरम्यान आइसफ्रॉग व्हॉल्व्ह कंपनीत गेले आणि ‘डोटा २’ तयार झाला. २०११ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात त्याची पहिली ‘इंटरनॅशनल’ स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस १० लाख डॉलर, ते युक्रेनच्या ‘नाटुस विन्सेरे’ संघाने जिंकलं. २०२१ मध्ये बुखारेस्टला बक्षिसांची एकूण रक्कम ४ कोटी डॉलरच्या वर गेली होती. अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात ‘टीम स्पिरिट’ च्या ‘कोलॅप्स’ या खेळाडूने ‘मॅग्नस’ हा हिरो खेळून प्रतिपक्षाची फळी फोडली. मॅग्नसचं हत्यार तेच, खंजिराची उडी. त्याआधी २०१९ मध्ये शांघायला ‘ओजी’ संघाच्या ‘आना’ या खेळाडूने ‘आयओ’ हा सपोर्ट समजला जाणारा हिरो मुख्य लढवय्या म्हणून सज्ज केला आणि संघाने लागोपाठ दुसरं अजिंक्यपद मिळवलं. पुस्तकातल्या सामानाच्या यादीची तयारी करून बसलेल्या प्रतिपक्षांची त्याने पंचाईत केली.

यादीवरून आणखी एक प्रसंग. २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘ओपनएआय फाइव्ह’ या कृत्रिम बुद्धीच्या प्रणालीने तेव्हाच्या जगज्जेत्या ओजी संघाला २-० ने हरवलं. त्या बातमीने खळबळ उडाली. पण त्यात एक बारकावा होता. लढणं यंत्र स्वतः शिकलं होतं. कोणतं सामान कोणत्या क्रमाने घ्यायचं, हे मात्र बव्हंशी माणसांनी आधीच लिहून दिलेल्या नियमांवर चालत होतं. आणि शंभराहून अधिक हिरोंच्या खेळात मोजकेच हिरो वापरायची मुभा होती.

आज मुलांच्या बाबतीत उलटं घडतं आहे. लढतात ती, आणि सामानाची यादी यंत्र देतं. खेळातच दुसऱ्यांनी लिहिलेले मार्गदर्शक असतात. २०१८ पासून ‘डोटा प्लस’ हे वर्गणीचं साधन असंख्य सामन्यांची आकडेवारी पाहून पुढची वस्तू सुचवतं. नवख्याला याचा फायदा होतो, त्यात वाईट काही नाही. आम्हालाही नव्या अफसरांच्या हाती आधी छापील तक्ताच द्यावा लागत असे. पण तक्ता सरासरीवर बनतो, आणि समोरचा शत्रू सरासरी नसतो. अमेरिकेचे एस. एल. ए. मार्शल यांनी १९५० मध्ये सैनिकाच्या ओझ्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. उपयोगी पडेल म्हणून एकेक वस्तू वाढवत गेल्यावर सैनिक इतका लादला जातो की किनाऱ्यावर उतरताच थकतो, हा त्यांचा मुद्दा. प्रत्येक वस्तूमागे कुणाचा तरी तक्ता होता. त्या दिवशी त्या माणसाला काय लागेल, हा प्रश्न मात्र राहून गेला.

आपल्या देशातही हा खेळ आता केवळ वसतिगृहाच्या खोल्यांपुरता राहिलेला नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन’ ही डोटा २ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ईस्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा २ संघाने कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ईस्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं.

म्हणून घरातल्या आजी-आजोबांना एक सुचवतो. नातवंडं खेळत असतील तर किती वेळ खेळता हे जरूर विचारा, तो धाक हवाच. पण सोबत हेही विचारा की आज हीच वस्तू का घेतली, आणि समोर दुसरा कुणी असता तर काय घेतलं असतं? ‘यादीत होती म्हणून’ असं उत्तर आलं तर समजा, अजून शिकायचं आहे. ‘त्यांच्याकडे अमुक होता आणि आमच्या साथीदाराला वाचवायचं होतं म्हणून’ असं उत्तर आलं, तर पोरगं शत्रूकडे बघतं आहे आणि साथीदाराकडेही. सपोर्ट खेळणारं असेल तर पाठीवर थाप द्या. त्याला ती सामन्यात क्वचितच मिळते.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.