दुबईची अहमदिया आणि माझगावची आपली शाळा

२०२० च्या करारानंतर इस्राएलहून दुबईला थेट विमाने सुरू झाली आणि आपल्यातली पुष्कळ मंडळी तिथे जाऊन आली. बहुतेक जण उंच इमारती पाहून परततात. पण देअरातल्या अल-रास वस्तीत एक जुनी शाळा उभी आहे, तिची हकीकत वाचली की आम्हाला माझगाव आठवते.

अल अहमदिया शाळा १९१२ साली बिन दलमूक या मोत्यांच्या व्यापारी घराण्याने काढली. त्या काळी आखातातले मोती विकायला मुंबईला येत, आणि दुबईच्या बाजारात आपलाच रुपया चाले. शाळेत कुराण, अरबी, हस्ताक्षर, हिशेब शिकवीत. ऐपतदारांची मुले फी भरीत. गरिबांच्या मुलांचा खर्च व्यापारी उचलीत. मग जपानचे संवर्धित मोती आले, जगभर मंदी आली आणि देणाऱ्यांचेच हात रिकामे झाले. १९३० नंतर शाळा काही वर्षे बंद पडली. पुढे सरकारी मदत मिळाली तेव्हा ती पुन्हा उघडली.

कै. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. कोकणातून आलेले आपले सुतार, गवंडी, पलटणीतले शिपाई फी कुठून देणार? लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने हात दिला. पुढे सर एली कदूरी या बगदादी दात्याची देणगी आली आणि शाळेला त्यांचे नाव मिळाले. अहमदिया पैशाअभावी बंद पडली, त्याच दशकातली ही गोष्ट.

पण आमच्या मते नुसत्या देणगीने काम झाले नसते. १९२२ पासून १९५० पर्यंत रिबेका रूबेन मुख्याध्यापिका होत्या. स्वतः मॅट्रिकला पहिल्या आलेल्या बाई, मनात आणले असते तर हुशार मुलांचीच शाळा चालवू शकल्या असत्या. आमच्यातले कितीतरी जण फीमाफीवर शिकले. तेव्हा ते सांगायची लाज वाटे. आता वाटत नाही.

१९४८ नंतर आपली कुटुंबे इकडे येत गेली, बाके रिकामी होत गेली. शेजारच्या वस्तीतल्या मुलांनी ती भरली. आज तिथली बहुतेक मुले मुसलमान घरांतली आहेत, आणि पाटीवर नाव अजून कदूरींचेच आहे.