एम्प्रेस मिलची हजेरी

नोकरांकडून मनापासून काम कसें करून घ्यावें, हा प्रश्न राज्यकर्त्यांइतकाच कारखानदारांनाही पडत आलेला आहे. दंड करणें, पगार कापणें, काढून टाकणें हीं त्याचीं नेहमींचीं उत्तरें. नागपूरच्या एम्प्रेस मिलनें निराळें उत्तर शोधून पाहिलें. म्हणून तिचा वृत्तांत आम्ही येथें देत आहों.

जमशेटजी टाटा यांनीं ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू केली. व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून दिल्लीस जाहीर केलें तो हाच दिवस, व गिरणीचें नांवही त्यावरूनच. व्यवस्थापक म्हणून त्यांनीं निवडलेले बेझनजी मेहता हे रेल्वेच्या नोकरींतले गृहस्थ. गिरणीच्या धंद्याचा त्यांस अनुभव नव्हता. माणूस पारखून घ्यावा, काम तो शिकेल, अशी ही निवड होती, आणि ती पुढें यशस्वी ठरली.

खरी अडचण हजेरीची होती. शंभरांपैकीं ऐंशी मजूर आले तरी पुष्कळ; सणवार किंवा घरचें एखादें कार्य एवढें निमित्त गैरहजेरीस पुरे होई. सुशिक्षितांनीं यावरून त्यांस आळशी ठरविण्याची घाई करूं नये. लग्नसराईंत कॉलेजांतील बाकें कितपत भरलेलीं असतात हें आम्हांस ठाऊक आहे! शेतीच्या व सणांच्या वेळापत्रकांत वाढलेल्या माणसास भोंग्याची शिस्त एकाएकीं कोठून लागणार?

जमशेटजींनीं छडी उगारली नाहीं. त्यांनीं बक्षीस-समारंभ सुरू केले. त्यांत रोख रकमा, घड्याळें, सोन्याच्या साखळ्या, रंगीत पागोटीं वांटलीं जात. पण आमच्या मतें याहून मोठें काम पुढचें. १८८६ सालीं गिरणींत पेन्शनची योजना झाली, व १८९५ पासून कामावर इजा झालेल्यास भरपाई मिळूं लागली. अशा भरपाईचा कायदा खुद्द इंग्लंडांत १८९७ चा आणि हिंदुस्थानांत १९२३ चा आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या पावलाची किंमत कळते. पागोटें ही मालकाची मर्जी. पेन्शन हें म्हातारपणाच्या भाकरीचें वचन. एकानें मजूर त्या दिवशीं दाराशीं येतो, दुसऱ्यानें तो वीस वर्षें टिकतो.

मात्र टाटांचा गौरव करितांना एक गोष्ट वगळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. गिरणी सुरू झाली त्याच १८७७ सालीं तेथील विणकरांनीं मजुरीच्या दरावरून संप केला. हिंदुस्थानांतील गिरणी-कामगारांच्या अगदीं पहिल्या संपांत त्याची गणना होते. त्या संपामुळेंच पेन्शन आली असें म्हणण्यास आधार नाहीं. मध्यें नऊ वर्षें लोटलीं आहेत. तरी एवढें खरें कीं, कामगारांस काय हवें होतें तें त्यांनीं स्वतः आधीं सांगितलें होतें, आणि तें पागोटें नव्हतें. मालकानें जें दिलें तें उदारपणानें व दूरदृष्टीनें दिलें. पण काय द्यावयाचें हें त्यानेंच ठरविलें. दर ठरवितांना समोर बसून बोलणाऱ्या कामगार-संघास कायद्याची मान्यता मिळण्यास १९२६ साल उजाडावें लागलें.