दिनविशेष : २६ जानेवारी १९३० – पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा

ब्रिटिश राजमुकुटाशी नाते तोडण्याची प्रतिज्ञा या दिवशी देशभर सभांमधून वाचली गेली. १९२८च्या नेहरू अहवालाची मागणी वसाहतीच्या स्वराज्याची, म्हणजे राजा कायम ठेवून कारभार आपल्या हाती घेण्याची होती. वर्षभराची मुदत देऊनही सरकारने ठोस आश्वासन दिले नाही. तेव्हा डिसेंबर १९२९च्या लाहोर अधिवेशनात काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. शेतसारा, मिठावरील कर, बुडालेले ग्रामोद्योग असा तक्रारींचा पाढाच प्रतिज्ञेत होता. अमेरिकी वसाहतींनीही १७७६मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जविरुद्ध अशीच यादी दिली होती.

आजच्या पालघर जिल्ह्यातील दोन शेजारी तालुक्यांत ब्रिटिश राजमुकुटाशी असलेले नाते सारखे नव्हते. मोखाडा तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा (उपविभाग), थेट ब्रिटिश अमलाखालचा. डोंगरउतारावरच्या नाचणी-भाताच्या रोपांसाठी राब भाजायला फांद्या तोडायच्या, तर आडवे येत ते जंगलखाते. राजा कोण, हे इथल्या आदिवासींना कळे ते अशा बंदीतून. जव्हार मात्र मुकणे घराण्याचे संस्थान. तिथे राजा घरचा, पण त्याच्यावर सार्वभौम सत्ता इंग्रजांचीच.

१५ ऑगस्ट १९४७ला मोखाड्यावरील ब्रिटिश राज्य आणि जव्हारवरील सार्वभौमत्व एकाच कायद्याने संपले. जव्हार १९४८मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. सहावा जॉर्ज मात्र नावापुरता भारताचा राजा राहिला, तो २६ जानेवारी १९५०पर्यंत. प्रजासत्ताकासाठी ही तारीख मुद्दाम निवडली होती.