संगणकीय कार्यप्रणालीतील अनाहूत वार्तासंदेश : उबुंटूविषयीच्या आक्षेपांचा इतिहास

युनिक्स परंपरेत 'मेसेज ऑफ द डे' ही सोय जुनीच. यंत्रणा अमुक वेळी बंद राहील, अशा स्वरूपाची सूचना संगणक-व्यवस्थापक एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवी आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास ती दिसे. लिहिणारा व वाचणारा सामान्यतः एकाच संस्थेतील असल्याने तिला सूचनाफलकाचे स्वरूप होते. २०१७ मध्ये या फलकावर बाहेरच्यांचा हात पोहोचला. कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू या लिनक्सवर आधारित कार्यप्रणालीच्या १७.०४ आवृत्तीत, स्वतःच्या सर्व्हरवरून ठराविक अंतराने मजकूर आणून दाखविणारी व्यवस्था मूळ संचातच घातली. ती बंद करता येई. परंतु मुळात चालू असे.

जून २०१७ मध्ये तेथे एच.बी.ओ. वाहिनीच्या 'सिलिकॉन व्हॅली' मालिकेतील एका अ‍ॅपच्या निर्मितीविषयीच्या लेखाचा दुवा झळकला. ही जाहिरात नसून उबुंटूच्या वापराविषयीची रंजक माहिती आहे, असा कंपनीच्या बाजूने खुलासा झाला. व्यवस्थापकांना तो पटला नाही. सुरक्षाविषयक सूचनांसाठी राखलेली जागा मनोरंजनाने व्यापली, तर उद्या खरी सूचना कोण वाचणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

या रोषास पूर्वेतिहासही होता. ऑक्टोबर २०१२ च्या १२.१० आवृत्तीत वापरकर्त्याने स्वतःच्या यंत्रावर शोधलेले शब्द कंपनीच्या सर्व्हरकडे जात आणि अ‍ॅमेझॉनवरील वस्तू दिसत. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यास हेरगिरी म्हटले. २०१६ च्या १६.०४ आवृत्तीत हा ऑनलाइन शोध मुळात बंद ठेवण्यात आला.

तथापि सर्वांत वजनदार आक्षेप संदेशातील मजकुरावर नव्हता. तो संदेश आणण्याच्या रीतीवर होता. मजकूर मागताना यंत्र आपली आवृत्ती, प्रोसेसरचा प्रकार आणि किती काळ अखंड चालू आहे हा तपशील सर्व्हरला कळवीत असे. वार्ता घरात येताना घरची माहिती बाहेर जात होती, आणि त्यासाठी संमती विचारलेली नव्हती. २०२० मध्ये याच मुद्द्यावर रीतसर तक्रार नोंदविली गेली. २०.०४ आवृत्तीत ही व्यवस्था चालू करणारा भाग मूळ संचातून वेगळा काढून सर्व्हर-संचाशी जोडण्यात आला. डेस्कटॉप वापरकर्ते सुटले.

वाद मात्र शमला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सॉफ्टवेअर अद्ययावत करणाऱ्या 'ॲप्ट' आज्ञेच्या उत्तरातच 'उबुंटू प्रो' या सेवेची शिफारस दिसू लागली. वैयक्तिक वापरासाठी ती पाच यंत्रांपर्यंत विनामूल्य होती. तरीही आक्षेप घेणाऱ्यांनी तिला जाहिरातच मानले.