सायकलीचा आटा आणि दुसऱ्या मिस्त्रीचं मत

लेकीच्या गिअरच्या सायकलीतून पायडल मारताना ‘कट्-कट्’ आवाज येऊ लागला. ज्या दुकानात दाखवली, तिथे 6,800 रुपयांचा अंदाज हातात पडला. चेन, मागची दातेरी चक्रं, क्रँक आणि क्रँक ज्यावर फिरतात ते फ्रेममधलं बेअरिंग, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, सगळं बदला असं त्यांचं म्हणणं. लेक म्हणाली, “अब्बू, एवढ्यात तर जुनी सायकल येईल.” दुसऱ्या दिवशी मी ती सायकल मोमीनपुऱ्यातल्या एका वयस्कर उस्तादांकडे नेली. आधीच्या दुकानाने काय सांगितलं, ते मुद्दाम बोललो नाही.

उस्तादांनी दोन्ही पायडल काढले, आटे पुसले, ग्रीस लावून पुन्हा कसले. आवाज बंद झाला. मग चेनवर इंचाची पट्टी धरून म्हणाले, “चेन मात्र बदला. अर्धा सूत वाढलीय. चक्रं अजून चालतील.”

म्हणजे पहिलं दुकान अगदीच खोटं बोलत नव्हतं. चेनचं त्यांचं बरोबर होतं, बाकीचं नव्हतं. पण एक मिस्त्री जे सांगतो ते दुसऱ्याला तपासता येतं, हे आपोआप घडलेलं नाही. त्याला इतिहास आहे.

उस्तादांच्या पट्टीपासूनच सुरुवात करू. 1880मध्ये मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी आजच्या धर्तीची रोलर चेन बनवली. 1885मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली आणि मागचं चाक चेनने फिरवणारी सायकल जगभर रुळली. पुढे सायकलीच्या चेनचं माप ठरून गेलं : दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. म्हणून नव्या चेनच्या एका पिनेवर पट्टीचं शून्य धरलं, तर पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचावर येते. पिना झिजल्या की चेन लांबते. ही पिन अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे सरकली की चेन बदलायची. एक सूत सरकेपर्यंत थांबलात, तर चेनने चक्रांचे दातही खाल्लेले असतात. हे माप कोण्या एका कंपनीच्या मालकीचं नाही, त्यामुळे शाळकरी मुलीलाही ते घेता येतं.

सगळ्याच कारखानदारांना अशी मोकळीक मानवली असं नाही. ब्रिटिश सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटच्या वाट्यांना सर्वसाधारणपणे इंचाला 24 आटे असत. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या सायकलींना 26 आटे ठेवले. फरक दोनच आट्यांचा, पण बाजारातली साधी वाटी रॅलेला बसत नसे. सुटा भाग हवा, तर तो रॅलेच्याच मापाचा शोधावा लागे.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर चित्र वेगळं झालं. 1951मध्ये सोनीपतला ॲटलस आणि 1956मध्ये लुधियानात हीरो उभी राहिली. त्यांच्याभोवती सुट्या भागांचे लहान-लहान कारखाने वाढले. ‘हीरो’ हे नाव मुळात करीम दीन या सायकलीच्या सीट बनवणाऱ्या मुस्लिम कारागिराचं. फाळणीत ते पाकिस्तानला निघाले, तेव्हा मुंजाल बंधूंनी त्यांच्या परवानगीने ते घेतलं, असं मुंजाल कुटुंबाच्या कहाणीत सांगितलं जातं. काळी, दांड्याची, रॉड ब्रेकची सायकल पुढे कित्येक दशकं फारशी बदलली नाही. कॉटर पिन, छर्रे, कोन, स्पोक चौकातल्या कुठल्याही दुकानात मिळत. झाडाखाली पंप, घमेलं आणि चार पाने घेऊन बसलेला मिस्त्री बहुतेक कुठलीही सायकल खोलू शके, आणि गिऱ्हाईक शेजारी उकिडवं बसून बघत असे. दुसरं मत हवं असेल, तर पुढच्या चौकापर्यंत सायकल ढकलत न्यायची, एवढाच खर्च.

कारागिराचं काम दुसऱ्या जाणकाराने तपासावं, हा विचार सायकलीहून कितीतरी जुना आहे. बाराव्या शतकात शाममधल्या, म्हणजे आजच्या सीरियाच्या भागातल्या, अल-शैझरी यांनी बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबसाठी एक ग्रंथ लिहिला. एकट्या अधिकाऱ्याला सगळे धंदे कळणं शक्य नाही, म्हणून प्रत्येक धंद्यातला एक जाणकार आणि विश्वासू माणूस ‘अरीफ’ म्हणून नेमावा, असं त्यात सांगितलं आहे. कामातली लबाडी त्याच कामातल्या माणसाला कळते, हे त्यांनी ओळखलं होतं.

आज मात्र आपल्या अरीफांच्या हातातून काम निसटतंय. महागड्या सायकलींत आटे नसलेली, फ्रेममध्ये दाबून बसवायची बेअरिंग आली. त्यांची मापं अनेक, आणि ती काढायची हत्यारंही निराळी. उस्तादांनीच सांगितलं, “तुमच्या सायकलीला आटे होते म्हणून मी उघडून बघू शकलो. दाबून बसवलेलं बेअरिंग आणलं असतं, तर हात जोडले असते.” अशा वेळी दुसरं मत म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या दुकानाचं मत. किंमत तेवढीच, आणि उत्तरही बहुधा तेच. म्हणून सायकल घेतानाच विचारावं, हिचे भाग आपल्या चौकात उघडता येतील का?

आणखी एक गोष्ट मला उस्तादांकडे बसल्यावर समजली. मिस्त्रीला पैसे मिळतात ते भाग बदलण्याचे. ‘काही बदलायची गरज नाही’ हे सांगण्याचे कुणी देत नाही. मग बदलायला सांगण्याकडे कल झुकला, तर दोष एकट्या दुकानदाराचा नाही. उस्तादांनी चेन आणि ती बसवण्याची मजुरी मिळून 950 रुपये घेतले. आवाज शोधून काढल्याचे काहीच लावले नव्हते. सल्ला ही अमानत असते, असं आमच्या घरात वडीलधारे सांगत. पण अमानत सांभाळणाऱ्यालाही घर चालवायचं असतं. मी 100 रुपये वेगळे काढून त्यांच्या हातात ठेवले. ते नको म्हणाले. “हे बघण्याचे,” मी म्हणालो, तेव्हा त्यांनी ते खिशात ठेवले.