जीपचा काटा का पडला?

कसारा घाट चढून इगतपुरीला चहासाठी थांबलो, तेव्हा जीपच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा काटा शून्याला टेकत आला होता. इंजिन चालू होतं, आवाजातही फारसा फरक नव्हता. ॲक्सिलरेटर दाबला की काटा थोडा उठायचा, सोडला की पुन्हा खाली. जीप अब्बांची, १९६८ सालची, सरकारी लिलावात घेतलेली. त्यांच्या इंतकालानंतर ती माझ्याकडे आली होती. पुढे चालवायची हिंमत झाली नाही. ओढूनच नाशिकला आणली.

पहिल्या गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निकाल लागला. "इंजिन संपलंय. हे काढा आणि डिझेल बसवा." ना कुणी डिपस्टिक ओढली, ना कुणी गेज तपासलं. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

हा सल्ला त्या एका गॅरेजचा नव्हता, त्यालाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. आपल्याकडे ही गाडी ज्या कंपनीने आणली, ती २ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा या दोन भावांचे भागीदार होते गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरल होते. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. पाटीवरचं एक नाव गेलं, पण पुढची कित्येक वर्षं या जीप उघडून पुन्हा उभ्या करणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातले मिस्त्रीही होतेच.

उंच बॉनेटची जी जीप आपण लहानपणी पोलीस, वनखातं आणि तहसीलदाराकडे पाहिली, तिच्यात 'हरिकेन' नावाचं चार सिलिंडरचं, सुमारे २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. बॉनेट उंच व्हायला कारणही तेच. आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते, यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. पुढे पेट्रोल महागलं. इगतपुरीच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यावर डिझेल इंजिनं बनू लागली. मग जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं हा रिवाजच पडला. चालू असलेली इंजिनंही भंगारात गेली. तोच रिवाज आता माझ्या दारात उभा होता.

एका दोस्ताने वडाळा नाक्याजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. चाचांनी जीपभोवती एक चक्कर मारली, डिपस्टिक ओढली आणि माझ्या नाकाशी धरली.

"हुंग बेटा. काय वास येतो?"

"पेट्रोलचा."

"आणि तेल किती आहे ते बघ."

तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. तेव्हा आठवलं, गेलं वर्षभर मी कौतुकाने सांगत होतो की अब्बांची जीप थेंबभरही ऑइल खात नाही.

इंजिनाला लावलेल्या पेट्रोलच्या पंपात एक डायफ्राम असतो. मिस्त्री या पंपाला एसी पंप म्हणतात. डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. पातळी वाढते आणि ऑइल पातळ होतं. घाटात इंजिन तापलं की ते आणखी पातळ होतं आणि बेअरिंगच्या फटीतून भराभर निसटतं. काटा पडतो तो इथे.

चाचांनी मला एक गोष्ट नीट समजावली. ऑइल पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला बारीक फटीतून जाताना जो अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो. म्हणून काटा पडला की कारणं अनेक असू शकतात. गेजच खोटं बोलत असेल. तेल कमी किंवा पातळ असेल. चेंबरमधली जाळी गाळाने बुजली असेल. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग थकली असेल किंवा तिथे कचरा अडकून तो उघडाच राहिला असेल. पंपाचे गिअर झिजले असतील. किंवा मेन आणि बिग एंड बेअरिंगच्या फटी वाढल्या असतील. तपासणी स्वस्तातून महागाकडे जाते, इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी.

आम्ही त्याच क्रमाने गेलो. वेगळं गेज लावलं, काटा खरं बोलत होता. डायफ्राम बदलला, ऑइल आणि फिल्टर नवा. गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे साधारण दहा पौंड दाब हवा, हा मिस्त्रींचा ठोकताळा. काटा उठला, पण तिथवर पोहोचला नाही. रिलीफ व्हॉल्व्ह काढला, साफ निघाला. मी म्हणालो, "चाचा, जाड ग्रेडचं ऑइल टाकू या का?"

"काटा वर येईल," चाचा म्हणाले. "पण सकाळी थंड इंजिनात ते तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचेल. तुला काटा वाचवायचाय की इंजिन?"

शेवटी चेंबर उतरवलं. बेअरिंग शेलवर ओरखडे होते. वर्षभर पेट्रोल मिसळलेल्या तेलावर इंजिन चाललं होतं. क्रँक ग्राइंडिंगला गेला, दहा अंडरसाइजचे शेल बसले. माझा तीन महिन्यांचा बजेट कोलमडला. डायफ्रामसारखा स्वस्त भाग वेळेवर बदलला असता, तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. हा दोष जीपचा नाही, माझा. जे वाढतंय ते चांगलंच, असं मी धरून चाललो होतो.

इंजिन मात्र वाचलं, तेच, १९६८ चं. त्यानंतर कसारा दोनदा चढलोय आणि काटा जागेवर आहे.

चाचा आता गॅरेजला येत नाहीत. त्यांच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे, ते ठीकच आहे. पण वासावरून रोग ओळखणारं हे इल्म ना कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सापडतं, ना कुणी मराठीत उतरवून ठेवलंय. आपण आपल्या इतिहासात बादशहा आणि किल्ले शोधतो, गॅरेज शोधत नाही. तुमच्या घरात, मोहल्ल्यात असा कुणी मिस्त्री असेल, तर एक दुपार त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. मी हे त्यासाठीच लिहिलं. आणि हो, घरी जुनी गाडी असेल तर उद्या सकाळी डिपस्टिक ओढा आणि आधी हुंगा.