छोटी लाइन, बडी लाइन आणि खणातले चार्जर

जवळपास प्रत्येक घरात एक खण असा असतो, की तो उघडला की जुन्या चार्जरांची गुंतवळ बाहेर येते. कुणाचे टोक बारीक, कुणाचे चपटे, कुणाचे गोल. फोन केव्हाच गेले, चार्जर राहिले. आता सर्वांसाठी एकच टोक असावे असा कायदा युरोपीय संघाने केला असून २८ डिसेंबर २०२४ पासून तो लागूही झाला. त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, ॲपलने आपल्या आयफोनचे वेगळे टोक सोडून दिले. तोवर ‘सक्तीच्या एकसारखेपणाने नवनिर्मिती गुदमरते’ असे त्या कंपनीचे म्हणणे होते. वृत्तपत्रांनी या प्रकरणाला अभूतपूर्व ठरवले.

अभूतपूर्व म्हणजे ज्याच्या पूर्वी काही घडलेले नाही ते. तंत्रज्ञानाच्या बातम्यांमध्ये हा शब्द इतक्या सहज वापरला जातो, की पूर्वी काय घडले होते हे पाहण्याची तसदी कोणी घेत नसावे. टोक जुळत नाही म्हणून होणारा खोळंबा आमच्या गोंदियाने शंभरावर वर्षे पाहिला आहे. तो खोळंबा रेल्वेच्या रुळांचा होता. आजचा धागा त्याविषयी. लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी मोजमापे सांगतो, कारण पुढचे सारे त्यांवरच उभे आहे. दोन रुळांमधील अंतर म्हणजे गेज. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० मिलिमीटर आणि सातपुड्यातील नॅरोगेज ७६२ मिलिमीटर. आमच्याकडे मीटरगेज, नॅरोगेज असे म्हणण्याची पद्धत नाही. एक ‘बडी लाइन’ आणि दुसरी ‘छोटी लाइन’. हिंदीच्या शेजारात राहणाऱ्या जिल्ह्याची ही भाषा आहे आणि तांत्रिक शब्दांपेक्षा ती अधिक नेमकी आहे, हे पुढे लक्षात येईल.

लॉर्ड डलहौसीला भारतात सहा फुटांचे गेज हवे होते. शेवटी साडेपाच फुटांवर तडजोड झाली. हिंदुस्थानातील सारे मार्ग एकाच गेजचे असावेत, हा त्यामागील विचार होता. इंग्लंडने नुकतेच हात पोळून घेतले होते. तिथे ब्रुनेलचे सात फुटी रूळ आणि स्टीफन्सनचे त्याहून बरेच अरुंद रूळ यांची गाठ ग्लॉस्टर येथे पडे आणि सारा माल एका गाडीतून दुसरीत न्यावा लागे. संसदीय समिती पाहणीस आली तेव्हा रुंद गेजच्या विरोधकांनी आधीच हलवून झालेला मालही पुन्हा उतरवून-चढवून गोंधळाचा देखावा उभा केला, अशी एक आख्यायिका रेल्वेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. नव्या यंत्रांच्या उद्घाटनसोहळ्यांतील ‘प्रात्यक्षिके’ पाहताना मला ती हटकून आठवते. १८४६ मध्ये पार्लमेंटने कायदा करून अरुंद गेजला प्रमाण ठरवले. तरी ब्रुनेलचे रूळ पुरते उखडले जाण्यास १८९२ साल उजाडले.

हे सारे ठाऊक असूनही, १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या काळात हिंदुस्थान सरकारने दुसरे गेज स्वीकारले. कारण जुनेच होते: पैसा. रुंद मार्ग महाग पडत होते. नवे गेज बरोबर एक मीटर ठेवण्यात आले, कारण देशात दशमान मापे येऊ घातली होती. तसा कायदा १८७१ मध्ये संमतही झाला, पण अमलात आला नाही. मीटरने कापड मोजण्यास भारताने सुरुवात केली ती १९५६ च्या कायद्यानंतर. आणि १९९२ पासून सरकारने मीटरगेज मोडीत काढण्याचे धोरण हाती घेतले. म्हणजे ज्या मापाच्या भरवशावर हे रूळ घातले गेले ते माप बाजारात रुळते न रुळते तोच रुळांची उचलबांगडी सुरू झाली. सरकारी दूरदृष्टीचा इतका सुबक नमुना सहसा मिळत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, ती ब्रॉडगेजची. नागपूरच्या पूर्वेस छत्तीसगडचे धान्य होते, पण रूळ नव्हते. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळानंतर सरकारने नागपूर–छत्तीसगड रेल्वेचे काम हाती घेतले. एप्रिल १८८० मध्ये ती तुमसरपर्यंत आणि वर्षअखेरीस गोंदियावरून राजनांदगावपर्यंत गेली. ती मीटरगेजची होती. परिणामी छत्तीसगडचे धान्य नागपूरपर्यंत एका डब्यातून येई आणि तिथे उतरवून, पाठीवरून वाहून, मुंबईच्या डब्यात भरावे लागे.

हा खोळंबा किती काळ टिकला? १८८७ मध्ये बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने पुढच्याच वर्षी हा मार्ग ताब्यात घेतला, रुंद केला आणि बिलासपूरवरून पूर्वेकडे नेला. १८९१ च्या आरंभी नागपूर–आसनसोल मार्ग मालवाहतुकीस खुला झाला. मीटरगेजची पहिली गाडी ते रुंद महामार्ग, एकूण अकरा वर्षे. निर्यातीच्या धान्याला आणि मुंबई–कलकत्ता व्यापाराला टोक जुळत नव्हते म्हणून टोक बदलले. अकरा हा आकडा लक्षात ठेवावा.

यानंतर गोंदियाच्या वाट्याला छोटी लाइन आली. १९०३ ते १९०५ या काळात गोंदिया–नैनपूर–जबलपूर हा सुमारे २३० किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि १९०८ मध्ये दक्षिणेला नागभीडचा फाटा. पुढे तो चांदा फोर्टपर्यंत गेला. पूर्व–पश्चिम बडी लाइन आणि उत्तर–दक्षिण छोटी लाइन, अशा फुलीवर गोंदिया बसले.

छोटी लाइन मूर्खपणाने घातली गेली असे मी म्हणणार नाही. सातपुड्यातील वळणे आवळ आहेत, चढ अवघड आहेत. अरुंद गाडी अशा वळणांतून सहज निघते, तिचे रूळ हलके, भराव लहान, पूल स्वस्त. मध्य प्रांताने १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ सोसले होते, त्यामुळे धान्य आत नेण्याची निकड खरी होती. पण गाडी रिकामी परतत नसे. इमारती लाकूड, स्लीपर, हिरडा, लाख, मोहफुले, तेंदूपत्ता आणि बालाघाटचे मँगनीज हे सारे तिच्यातून बाहेर पडे. गोंड, बैगा आणि लहानसहान शेतकरी यांच्या मुलखातून माल काढून मोठ्या मार्गाला आणून देणारी ती एक अरुंद पन्हाळ होती. पन्हाळ कोणी ऐसपैस बांधत नाही.

गोंदियाच्या मालधक्क्यावर मग रोज काय घडत असेल याचा हिशेब करून पाहावा. छोट्या डब्यात मोठ्या डब्याच्या काही हिश्श्याइतकाच माल मावतो. एक मोठा डबा भरायचा तर अनेक छोटे डबे येईपर्यंत थांबावे लागते. उलट दिशेने मोठा डबा रिकामा करायचा तर छोटे डबे पुरत नाहीत. तोवर माल धक्क्यावर. पाऊस आला तर ताडपत्री. पोते उचलणाऱ्याच्या पाठीवरून एका डब्यातून उतरले, फळीवरून चालत दुसऱ्यात चढले, की दर पोत्यामागे हमाली. वाटेत थोडे सांडले, थोडे ‘सांडले’. कारकुनाने एका वहीत खोडले, दुसरीत लिहिले. बारदाना फाटला तर शिवणारा आला, शिवणाऱ्याला चहा देणारा आला. माल थांबतो म्हणून गोदाम, गोदाम आहे म्हणून दलाल, दलाल आहे म्हणून पेढी.

अभियंत्यांच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा. गोंदियाच्या दृष्टीने मात्र ती भाकरी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया मध्य प्रांतातील प्रमुख माल-स्थानकांत गणले जाऊ लागले ते उगाच नव्हे. माझे मत असे की इथल्या राइस मिलांची वाढही या खोळंब्याशी जोडून पाहायला हवी. धानाचे पोते इथे उतरवायचेच असेल, तर ते इथेच भरडून तांदूळ पुढे पाठवणे शहाणपणाचे. कोंड्याचे भाडे कोण भरणार? बिडीच्या धंद्याचेही तेच. जंगलातला तेंदूपत्ता इथे येऊन थांबे, तंबाखू बडी लाइनवरून येई आणि वळणारे हात आसपासच्या गावांत होते. ज्या ठिकाणी वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथे गाव वसते. घाटाच्या पायथ्याची गावे, नदीच्या उतारावरची गावे अशीच वसली; इथे उतार लोखंडाचा होता, एवढेच.

आजच्या तंत्रज्ञानाच्या जाहिरातींत ‘विनाअडथळा’ या शब्दाला फार मान आहे. अडथळा म्हणजे दुष्ट, तो नाहीसा करणारा म्हणजे उद्धारक. परंतु अडथळ्यावर कोणाचे तरी पोट असते, ही गोष्ट त्या जाहिरातीत येत नाही. महाराष्ट्राने माथाडी आणि हमाल कामगारांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. पाठीवर माल वाहणाऱ्या माणसाची कायद्याने घेतलेली ती दखल होती. अडथळा दूर करणाऱ्या कंपनीला मात्र तो माणूस खर्चाच्या रकान्यात दिसतो.

याचा अर्थ छोटी लाइन राहायला हवी होती असा नाही. तिच्या आठवणीने उसासे टाकणारे लेख दर काही महिन्यांनी फिरत असतात: झुकझुक, धुके, डोंगर, खिडकीतला रानमेवा. ते लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिच्यातून आजारी माणूस घेऊन जबलपूरला किंवा नागपूरला जावे लागलेले नसते. नागपूरचा दवाखाना गाठायचा तर तिकडच्या माणसाला गोंदियात उतरायचे, बोचके सांभाळत पूल चढायचा, बडी लाइनची गाडी सुटली असेल तर फलाटावर रात्र काढायची. खोळंब्यावर पोट भरणारे गोंदियात होते. खोळंबणारे मात्र बव्हंशी बालाघाट-मंडल्याच्या खेड्यांतले. दोघेही गरीब, आणि एकाच्या सोयीची किंमत दुसऱ्याने मोजायची, ही व्यवस्था दोघांपैकी कोणीच ठरवलेली नव्हती.

आता तो अकराचा आकडा बाहेर काढू. दक्षिणेचा चांदा फोर्ट मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला. उत्तरेला गोंदिया–बालाघाट हा तुकडा त्यानंतर साधारण दशकभराने झाला. बालाघाट–नैनपूर–जबलपूर ही छोटी लाइन २०१५ मध्ये बंद करण्यात आली आणि गोंदिया ते जबलपूर असा अखंड रुंद मार्ग २०२१ च्या सुमारास पूर्ण झाला. मधल्या वर्षांत लोकांनी बसने प्रवास केला. नागपूर–नागभीड छोटी लाइन २०१९ पर्यंत धावत होती. तीही रुंदीकरणासाठी थांबली.

धान्य मुंबई-कलकत्त्याला जायचे होते, तेव्हा अकरा वर्षे लागली. माणसांना जबलपूरला जायचे होते, तेव्हा एकशे दहाहून अधिक. पहिल्या वेळी साम्राज्य होते आणि दुसऱ्या वेळी बहुतांश काळ प्रजासत्ताक, हे ध्यानात घेतले तर आकडा अधिकच टोचतो. डोंगर हे कारण पुरेसे नाही. त्याहून अवघड डोंगर आपण ज्यांच्यासाठी फोडायचे त्यांच्यासाठी वेळेवर फोडले आहेत.

चार्जरचा प्रश्न म्हणूनच मला रुळांसारखा वाटतो. टोक वेगळे ठेवण्यात ज्याचा फायदा असतो तो नवनिर्मितीची भाषा बोलतो. एक करण्यात ज्याचा फायदा असतो तो ग्राहकहिताची. खण उघडून गुंतवळ सोडवणाऱ्याला दोघेही विचारत नाहीत. याला एक चांगला अपवाद आपल्याच देशात आहे, तो नोंदवतो. २०१६ पूर्वी मोबाइलवरील प्रत्येक पाकीट म्हणजे एकेक वेगळे गेज होते; एकातले पैसे दुसऱ्यात जात नसत. यूपीआयने सर्व बँकांना एकाच मापाचे रूळ दिले आणि आज गोंदियाच्या बाजारातली भाजीवाली कोणत्या ॲपवरून पैसे आले याची फिकीर करत नाही. इथे गेज आधी ठरले आणि गाड्या नंतर धावल्या. डलहौसीला नेमके हेच हवे होते. त्याचे कौतुक करण्याची वेळ माझ्यावर फार वेळा येत नाही, म्हणून तेवढे करून घेतो.

छोट्या लाइनीची इंजिने आता नागपूरच्या मोतीबाग येथील संग्रहालयात रंग देऊन उभी आहेत. मुले त्यांच्यावर चढून फोटो काढतात.

आणि गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावरच वडसा नावाचे स्थानक आहे. १९८२ मध्ये निर्माण झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातले ते एकमेव रेल्वेस्थानक. तिथून जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंतचा सुमारे पन्नास किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन दशकाहून अधिक काळ लोटला आहे. काम चालू आहे, आणि नव्या मार्गाचे गेज पहिल्या कागदापासून रुंद आहे.